आत सात-आठ नेते, बाहेर दोन लाख माणसं: शिखर परिषदांना विरोध का होतो?

जी-७ (सात श्रीमंत देशांचा गट) किंवा जी-२० (भारतासह मोठ्या अर्थव्यवस्थांचा गट) यांची शिखर परिषद जवळ आली की यजमान देशात दोन कामं एकदम सुरू होतात. एकीकडे कुंपण उभं राहायला लागतं, दुसरीकडे मोर्चांच्या परवानग्यांसाठी अर्ज जातात. बातम्यांत मग फुटलेल्या काचा आणि अश्रुधूर दिसतो, आणि 'या लोकांना नेमकं हवंय तरी काय?' हा प्रश्न तसाच राहतो. प्रश्न रास्त आहे. चार देशांच्या प्रमुखांनी एकत्र बसून बोलावं, यात वाईट काय?

भेटण्याला फारशी कुणाची हरकत नाही. हरकत दोन गोष्टींना आहे. तिथे जे ठरतं ते ज्यांच्या आयुष्याला लागू होतं, ती माणसं त्या खोलीत नसतात. आणि ठरलेलं पाळलं गेलं नाही, तर जाब विचारायला कुठलीही जागा नसते.

हे नीट कळायला आधी जी-७ हा गट आहे तरी काय ते पाहावं लागतं. १९७३ च्या तेलसंकटाने श्रीमंत देशांच्या अर्थव्यवस्था हादरल्या होत्या. नोव्हेंबर १९७५ मध्ये फ्रान्स, अमेरिका, ब्रिटन, पश्चिम जर्मनी, इटली आणि जपान या सहा देशांचे प्रमुख पॅरिसजवळ रॉम्बुये इथे भेटले. पुढच्या वर्षी कॅनडा आला आणि जी-७ तयार झाला. १९९८ पासून रशियाला धरून जी-८ म्हणायला लागले. २०१४ मध्ये क्रिमिया गिळंकृत केल्यावर रशियाला बाहेर ठेवलं गेलं. युरोपीय संघाचे प्रतिनिधीही बैठकीला असतात. या गटाला सनद नाही, कायमचं सचिवालय नाही, सभासद होण्याचे लेखी नियम नाहीत, मतदानही होत नाही. दरवर्षी एक देश यजमान होतो आणि त्या वर्षाची विषयपत्रिका तोच ठरवतो. कायद्याच्या नजरेने पाहिलं तर ही निव्वळ एक अनौपचारिक बैठक आहे.

मग तिचा एवढा दबदबा का? कारण या देशांचं वजन दुसऱ्या संस्थांमध्ये पडतं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत 'एक देश, एक मत' अशी पद्धत नाही. मतं मुख्यतः अर्थव्यवस्थेच्या आकारावरून ठरणाऱ्या कोट्यानुसार मिळतात. जगाच्या लोकसंख्येत जी-७ देशांचा वाटा साधारण दहा टक्के, पण नाणेनिधीतली त्यांची मतं सुमारे ४१ टक्के. एकट्या अमेरिकेकडे सुमारे साडेसोळा टक्के आहेत, आणि मोठ्या फेरबदलांना ८५ टक्के मतं लागतात, म्हणजे तिच्या एकटीच्या नकाराने गोष्ट अडते. भारताची मतं पावणेतीन टक्क्यांच्या आत आहेत. जागतिक बँकेच्या अध्यक्षपदी आजवर अमेरिकेने पुढे केलेली व्यक्ती आणि नाणेनिधीच्या प्रमुखपदी युरोपीय व्यक्ती, हा कुठेही न लिहिलेला पण पाळला जाणारा रिवाज. सरकारी कर्ज देणाऱ्या देशांचा 'पॅरिस क्लब' आहे, तिथेही मोठे सावकार बहुतेक हेच. त्यामुळे सात जणांनी एका टेबलावर मान डोलावली की पुढे तीन-चार संस्थांची चक्रं फिरायला लागतात.

या विरोधाचं मूळ जिथे सगळ्यात स्पष्ट दिसतं तो विषय म्हणजे कर्ज. १९७० च्या दशकात तेलाच्या पैशाने तुडुंब भरलेल्या बँकांनी लॅटिन अमेरिका आणि आफ्रिकेतल्या देशांना सढळ हाताने कर्जं दिली. यातली बरीचशी डॉलरमध्ये आणि बदलत्या व्याजदराची होती. पुढे महागाई आटोक्यात आणायला अमेरिकेने स्वतःचे व्याजदर वाढवत नेले. १९८१ च्या सुमारास ते वीस टक्क्यांच्या घरात पोचले. त्याच काळात कॉफी, तांबं, कोको यांसारख्या मालाचे भाव पडले. म्हणजे हप्ता वाढला आणि तो फेडायची मिळकत घटली, तीही कर्जदाराने काहीच वेगळं केलेलं नसताना. ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने हात वर केले आणि मग एकामागून एक देश नाणेनिधीच्या दारात गेले.

तिथे कर्ज मिळालं, पण अटींसह: चलनाचं अवमूल्यन करा, अन्नधान्यावरचं अनुदान कापा, सरकारी नोकरभरती थांबवा, सार्वजनिक कंपन्या विका, आयात खुली करा. अनेक ठिकाणी प्राथमिक शाळा आणि दवाखान्यांत फी सुरू झाली. काही हुकूमशहांनी घेतलेलं कर्ज त्यांच्या पश्चात आलेल्या सरकारांच्या, पर्यायाने जनतेच्या, डोक्यावर राहिलं. नव्या कर्जातला मोठा भाग जुन्या कर्जाच्या व्याजात जायचा, त्यामुळे वर्षानुवर्षं फेडूनही मुद्दल कमी होत नव्हती. हे सगळं बदलण्याचा अधिकार असलेले लोक वर्षातून एकदा एका ठिकाणी जमतात, हे लक्षात आल्यावर आंदोलकांनी त्या ठिकाणी जायला सुरुवात केली, यात नवल नाही.

१६ मे १९९८ रोजी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये, तिथे परिषद भरली असताना, 'जुबिली २०००' या मोहिमेने सुमारे सत्तर हजार माणसांची साखळी उभी केली. त्यात चर्चची मंडळी, कामगार संघटना, मदत संस्था, साधी कुटुंबं होती. मागणी एकच: सर्वांत गरीब देशांची न फिटणारी कर्जं माफ करा. नेत्यांना त्या दिवशी शहराबाहेरच्या एका हवेलीत नेलं होतं, तरीही यजमान पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना परत येऊन मोहिमेच्या लोकांना भेटावं लागलं. पुढच्या वर्षी जर्मनीतल्या कलोन परिषदेत कर्जसवलतीच्या योजनेचे निकष सैल झाले. १९९६ च्या मूळ योजनेत देशाचं कर्ज वार्षिक निर्यातीच्या २०० ते २५० टक्के असेल तरच सवलत मिळायची. ती मर्यादा १५० टक्क्यांवर आली. योजनेला दोन टप्पे होते. पहिल्यात पात्रता ठरायची, दुसऱ्यात अटी पुऱ्या केल्यावर खरी माफी मिळायची; मधली काही वर्षं देशाने नाणेनिधीच्या देखरेखीखाली काढायची. टीकाकारांचं बोट नेमकं या मधल्या वर्षांवर होतं: माफीच्या आमिषाने त्याच जुन्या अटी लादल्या जात होत्या. पण फायदा झालाच नाही असं म्हणणंही खोटं ठरेल. टांझानियाने २००१ मध्ये प्राथमिक शाळांची फी काढून टाकली, त्यामागे कर्जसवलतीतून मोकळा झालेला पैसा होता.

त्याच कलोनमध्ये आणखी एक विरोध होता आणि त्याची जात वेगळी होती. काहीशे भारतीय शेतकरी बसगाड्यांमधून युरोपभर फिरत तिथे पोचले होते. त्यात कर्नाटक राज्य रयत संघाचे लोक मोठ्या संख्येने होते. बियाण्यांवरचे पेटंट, जनुक बदललेली पिकं आणि जागतिक व्यापार संघटनेचे नियम हे त्यांचे मुद्दे. त्यांना या नेत्यांकडून काही मागायचंच नव्हतं. 'आमच्या शेतीबद्दल ठरवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?' हा त्यांचा सवाल होता.

माझ्या मते हा फरक लक्षात घेतला नाही तर या निदर्शनांचं काहीच कळत नाही. एक फळी मागणी करणारी: गट ताकदवान आहे, तर त्या ताकदीने कर्ज माफ करा, हवामानासाठी पैसा द्या, लसी वाटा. दुसरी फळी गटाचा अधिकारच नाकारणारी: निर्णय संयुक्त राष्ट्रांसारख्या सर्वांच्या मंचावर व्हावेत, किंवा गावपातळीवर व्हावेत, इथे नकोत. दोन्ही फळ्या एकाच रस्त्यावर चालतात, पण पहिली नेत्यांना भेटायला जाते आणि दुसरीला त्या भेटीतच फितुरी दिसते. यांच्याशिवाय युद्धविरोधी गट असतात, हवामानासाठी लढणारी तरुण मुलं असतात, परिषदेमुळे आठवडाभर धंदा बंद ठेवावा लागलेले स्थानिक दुकानदार असतात. 'बाहेरचे लोक आमच्या देशाचं धोरण ठरवतात' म्हणणारे उजवे राष्ट्रवादीही विरोधात असतात. त्यांचं बाकीच्यांशी अजिबात पटत नाही.

मागणी करणाऱ्या फळीची खरी अडचण असते ती परिषदेच्या भाषेची. शेवटच्या दिवशी जे संयुक्त निवेदन निघतं ते करार नसतं. त्यावरून कुणालाही कोर्टात खेचता येत नाही. ते वाचताना क्रियापदांकडे पाहावं. 'आम्ही स्वागत करतो', 'आम्ही नोंद घेतो', 'आम्ही प्रोत्साहन देतो' यांचा अर्थ पैसा नाही आणि मुदतही नाही. 'आम्ही कटिबद्ध आहोत' याला थोडं वजन आहे, पण पुढे रक्कम, तारीख आणि आधारवर्ष असेल तरच. विशेषणांवरही नजर ठेवावी. २००९ मध्ये पिट्सबर्गच्या जी-२० परिषदेत कोळसा-तेलावरची 'अकार्यक्षम' अनुदानं टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं. २०१६ मध्ये जपानमधल्या इसे-शिमा परिषदेत जी-७ ने त्याला २०२५ ची मुदतही घातली. पण कुठलं अनुदान अकार्यक्षम याची सर्वमान्य व्याख्या ठरलीच नाही, आणि आपलं अनुदान अकार्यक्षम आहे असं कुठलं सरकार स्वतःहून म्हणेल?

रकमा दिल्या तरी त्या मोजायच्या कशा, हा पुढचा घोळ. २००५ मध्ये स्कॉटलंडच्या ग्लेनईगल्स परिषदेत मदत २०१० पर्यंत वर्षाला ५० अब्ज डॉलरने वाढवायचं जाहीर झालं, त्यातली निम्मी वाढ आफ्रिकेसाठी. प्रत्यक्षात आफ्रिकेच्या वाट्याला आलेली वाढ त्या आश्वासनाच्या निम्म्याच्या आतबाहेरच राहिली. शिवाय माफ केलेलं कर्जही मदतीच्या आकड्यात धरायची पद्धत आहे, त्यामुळे इराक आणि नायजेरियाच्या कर्जमाफीने २००५ चा आकडा फुगलेला दिसला. हवामानासाठी वर्षाला १०० अब्ज डॉलर द्यायचं आश्वासन श्रीमंत देशांनी २००९ मध्ये दिलं होतं, मुदत २०२० ची. देणाऱ्या देशांच्याच संघटनेच्या हिशेबाप्रमाणे ते २०२२ मध्ये पुरं झालं, आणि त्यातला मोठा भाग अनुदान नसून कर्ज होता. वादळात घर गेलेल्या देशाने ते पुन्हा बांधायला व्याजाने पैसे घ्यायचे, हा हिशेब अनेकांना पटत नाही.

लसींच्या वेळी हेच घडलं. ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेने जागतिक व्यापार संघटनेत मागणी केली की साथ चालू असेपर्यंत कोविडच्या लसी आणि औषधांवरचे बौद्धिक संपदेचे हक्क स्थगित करावेत, म्हणजे बाकीच्यांनाही उत्पादन करता येईल. जून २०२१ मध्ये इंग्लंडच्या कार्बिस बे इथे जी-७ ने एक अब्ज डोस देण्याचं जाहीर केलं. पण हक्क स्थगित करायला जर्मनी आणि ब्रिटनचा विरोध कायम राहिला. जून २०२२ मध्ये फक्त लसींपुरती, बरीच छाटलेली सूट मंजूर झाली. दान मिळालं, उत्पादनाचा हक्क मिळाला नाही.

आता कुंपणाकडे येऊ. जुलै २००१ मध्ये इटलीच्या जेनोवा शहराचा मध्यभाग 'लाल क्षेत्र' म्हणून बंद केला होता. लाखाच्या वर निदर्शक आले होते. २० जुलैला कार्लो जुलियानी हा तेवीस वर्षांचा तरुण पोलिसाच्या गोळीने मेला. दुसऱ्या रात्री पोलीस एका शाळेत घुसले, जिथे निदर्शक झोपले होते, आणि त्यांना झोपेतून उठवून मारहाण केली. डझनावारी लोक रुग्णालयात गेले. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या शिक्षांवर इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये शिक्कामोर्तब केलं. २०१५ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने तिथल्या मारहाणीला छळ ठरवलं आणि इटलीच्या कायद्यात छळाचा गुन्हाच नाही याकडे बोट दाखवलं. तो कायदा इटलीत २०१७ मध्ये झाला.

जेनोवानंतर परिषदा शहरांतून पळाल्या. २००२ ची परिषद कॅनडाच्या डोंगरात, कॅननॅस्किसला झाली. २००७ मध्ये जर्मनीच्या समुद्रकाठी हायलिगेनडामभोवती सुमारे बारा किलोमीटरचं कुंपण होतं. आंदोलकांनी तिथे 'पाच बोटांची' पद्धत वापरली. मोठा जमाव पोलिसांच्या साखळीसमोर आला की पाच गटांत फुटतो, शेतांतून पसरतो आणि पलीकडे रस्त्यावर पुन्हा एक होऊन खाली बसतो. ढकलाढकली करायची नाही, दगड उचलायचा नाही. साखळी पसरली की तिच्यात फटी पडतात, यावर सगळा भरवसा. हजारो लोकांनी असे रस्ते अडवल्यावर बरीच ये-जा हेलिकॉप्टर आणि बोटींनी करावी लागली.

पोलिसांची आवडती पद्धत 'केटलिंग'. जमावाला चारही बाजूंनी वेढायचं आणि तासन्‌तास सोडायचं नाही. आत कोण आहे हे पाहिलं जात नाही. कामावरून घरी निघालेला माणूसही अडकतो. पाणी, शौचालय, औषध काही नसतं, चिडचिड वाढते, कुणी वेढा तोडायला जातं आणि मग बळ वापरायला निमित्त मिळतं. लंडनमध्ये १ एप्रिल २००९ रोजी जी-२० च्या वेळी एक वर्तमानपत्र विक्रेता घरी जाताना पोलिसाच्या धक्क्याने पडला आणि थोड्याच वेळात गेला. चौकशीत ही बेकायदा हत्या ठरली; फौजदारी खटल्यात मात्र अधिकारी निर्दोष सुटला आणि नंतर त्याला नोकरीतून काढलं. टोरांटोत जून २०१० मध्ये हजाराहून जास्त लोकांना पकडलं, बहुतेकांना कसलाही आरोप न ठेवता सोडलं. कुंपणापासून पाच मीटरच्या आत आलेल्याला ओळखपत्र दाखवावंच लागेल असा नियम असल्याचं लोकांना वाटत होतं. परिषद संपल्यावर कळलं की असा नियम नव्हताच. दहा वर्षांनी, २०२० मध्ये, पोलिसांनी तडजोड म्हणून १.६५ कोटी कॅनडियन डॉलर द्यायचं मान्य केलं. २०२५ मध्ये परिषद पुन्हा कॅननॅस्किसला आली तेव्हा निदर्शनांसाठी कॅलगरी आणि बॅन्फमध्ये जागा आखून दिल्या आणि तिथलं चित्रण नेत्यांपर्यंत पोचवण्याची सोय केली. कॅलगरी तिथून तासाभराच्या अंतरावर आहे.

निदर्शकांच्या बाजूनेही चुका होतात आणि त्या झाकण्यात अर्थ नाही. काळे कपडे आणि तोंड झाकून येणारा 'ब्लॅक ब्लॉक' ही संघटना नाही, डावपेच आहे: सगळे सारखे दिसले की एकाला ओळखणं कठीण. पण ओळख पटत नाही म्हटल्यावर त्यात पोलिसांचा खबरी किंवा निव्वळ हौशी गुंडही शिरू शकतो. जुलै २०१७ मध्ये हँबर्गच्या जी-२० वेळी गाड्या जळाल्या, दुकानं लुटली गेली. या गाड्या-दुकानांचे मालक तिथलेच सामान्य रहिवासी. दुसऱ्या दिवशी हजारोंचा शांततेचा मोर्चा निघाला, तो किती जणांना आठवतो?

गटाची बाजूही ऐकायला हवी. दोनशे देशांच्या सभेत संकटाच्या वेळी पटकन काही ठरत नाही. थोडे लोक, बंद दार आणि मोकळं बोलणं यानेच गाठी सुटतात, असं समर्थक म्हणतात. २००८ च्या आर्थिक संकटात जी-२० ने हालचाल वेगाने केली हे खरं आहे. जी-२० मध्ये भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आहेत आणि २०२३ च्या दिल्ली परिषदेत आफ्रिकी संघही आला, त्यामुळे प्रतिनिधित्वाचा आक्षेप सौम्य होतो. संपत नाही: बाकीचे बहुसंख्य देश बाहेरच आहेत, आणि दिल्लीतही पाहुण्यांच्या रस्त्यावरच्या झोपडपट्ट्या हिरव्या कापडाआड गेल्या होत्या.

मग विरोधाने काही साधतं का? बरंचसं वेळेवर अवलंबून आहे. जी-७ चं यजमानपद जानेवारीत बदलतं. नेत्यांचे 'शेर्पा', म्हणजे वाटाघाटी करणारे विश्वासू अधिकारी, तेव्हापासून दर काही आठवड्यांनी भेटतात. निवेदनाचा मसुदा त्यांच्यात फिरतो. न पटलेले शब्द चौकटी कंसात ठेवले जातात आणि नेते येईपर्यंत थोडेच कंस उरतात. अर्थमंत्री तर आधीच वेगळे भेटून पैशाचं ठरवून मोकळे होतात. २००५ मध्ये ग्लेनईगल्स परिषदेच्या तोंडावर एडिनबरात २ जुलैला दोन लाखांहून अधिक लोक रस्त्यावर आले. पण अठरा देशांच्या सुमारे ४० अब्ज डॉलर कर्जमाफीवर अर्थमंत्र्यांची सहमती लंडनमध्ये ११ जूनलाच झाली होती. मोर्चाचा उपयोग झाला नाही असं नाही. तो होणार हे कित्येक महिने जाहीर होतं, आणि त्याचा दाब जूनमध्येच पडला. परिषदेच्या दिवशी पहिल्यांदा मागणी मांडणाऱ्याला मात्र छापून तयार झालेला कागद मिळतो.

निवेदनानंतरचं काम त्याहून रटाळ आणि त्याहून महत्त्वाचं. सरकारांनी कर्ज माफ केलं तरी खासगी सावकार मोकळे राहतात. झांबियाचं जुनं कर्ज एका फंडाने सुमारे ३३ लाख डॉलरला विकत घेतलं आणि साडेपाच कोटींचा दावा ठोकला; २००७ मध्ये लंडनच्या कोर्टाने सुमारे दीड कोटी मंजूर केले. अशा फंडांना लगाम घालणारा कायदा ब्रिटिश संसदेने २०१० मध्ये केला, तोही कर्जमाफीच्या मोहिमेतल्याच लोकांनी खासदारांचा पिच्छा पुरवल्यावर. करांच्या बाबतीत तर निर्णय कुठल्या मंचावर व्हावा, यावरूनच आता सरळ लढाई चालू आहे. बहुराष्ट्रीय कंपन्यांवर किमान १५ टक्के कर हा आकडा जून २०२१ मध्ये जी-७ च्या अर्थमंत्र्यांनी लंडनमध्ये पुढे आणला. जून २०२५ मध्ये याच गटाने अमेरिकी कंपन्यांना त्यातल्या मुख्य तरतुदींतून वगळायला संमती दिली. दरम्यान आफ्रिकी देशांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत जागतिक कर कराराचा ठराव आणला. बाजूने १२५ मतं पडली, विरोधात ४८. त्या ४८ मध्ये जी-७ चे सातही देश होते.